बाळागोळी

बाळागोळी (अन्य रूप: बाळगोळी) ही अफू हा मुख्य घटक असलेली आणि तान्ह्या मुलांना दिली जाणारी लहान गोळी होती. जुलाब, पोटदुखी, दात येतानाचा त्रास आणि रात्रीचे रडणे यांवरील घरगुती उपाय म्हणून ती भारताच्या अनेक भागांत प्रचलित होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी व नायगाव या भागांत, तिचा वापर औषधापुरता राहिला नाही. आई कापड गिरणीत कामाला गेली की मूल दिवसभर झोपून राहावे, यासाठी ती नियमितपणे दिली जाऊ लागली. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाच्या 'लेबर गॅझेट' या मासिकात १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. बार्न्स यांच्या अहवालानुसार, उद्योगांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या ९८ टक्के अर्भकांना अफू दिली जात होती.

अफू आतड्यांची हालचाल मंदावते, त्यामुळे जुलाब थांबल्यासारखे दिसतात. तिचा मेंदूतील श्वसनकेंद्रावर होणारा परिणाम मात्र अर्भकाच्या दृष्टीने प्राणघातक ठरू शकतो. पोटाचे औषध म्हणून घरात आलेला, पण अफूजन्य गुणधर्म असलेला पदार्थ कसा धोकादायक ठरतो, याचे बाळागोळी हे महाराष्ट्राच्या सामाजिक व वैद्यकीय इतिहासातील ठळक उदाहरण आहे.

नाव व स्वरूप

'बाळा' म्हणजे तान्हे मूल आणि 'गोळी' या दोन शब्दांपासून हे नाव बनले आहे. इंग्रजी कागदपत्रांत ते 'बाला गोली' असे आढळते. गोळ्या घरी वळल्या जात किंवा दुकानातून विकत आणल्या जात. अफूबरोबर जायफळ, केशर यांसारखे सुगंधी पदार्थही काही गोळ्यांत मिसळले जात. गोळी आईच्या दुधात किंवा पाण्यात उगाळून मुलाला चाटवण्याची पद्धत होती.

या गोळीतील अफूचे प्रमाण निश्चित नसे. एकाच घाण्यातील दोन गोळ्यांतही ते कमीजास्त असू शके. कच्च्या अफूतील मॉर्फिनचे प्रमाणही पिकाच्या जातीनुसार व हंगामानुसार बदलते. त्यामुळे काल सोसलेली मात्रा आज घातक ठरण्याची शक्यता नेहमीच राहत असे.

बाळगुटीशी फरक

बाळागोळी आणि बाळगुटी या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाळगुटीत हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, सुंठ, जायफळ, बदाम, खारीक इत्यादी पदार्थ सहाणेवर ठरावीक वेढे उगाळून मुलाला चाटवले जातात. पारंपरिक बाळगुटीत अफू नसते. दोहोंची देण्याची रीत सारखी असल्यामुळे मात्र अफूची गोळी ही देखील बाळंतघरातील नेहमीचीच एक वस्तू वाटत असे, आणि तिच्याविषयी वेगळी सावधगिरी बाळगली जात नसे.

पार्श्वभूमी

अफू हा खसखशीच्या झाडाच्या कच्च्या बोंडाला चिरा पाडून मिळणारा व वाळवलेला चीक होय. त्यात मॉर्फिन, कोडीन, थिबेन, पापाव्हेरिन, नॉस्कॅपिन इत्यादी अल्कलॉइडे असतात. मॉर्फिनचे प्रमाण साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास असते. मध्ययुगीन काळापासूनच्या आयुर्वेदीय ग्रंथांत अफूचा उल्लेख 'अहिफेन' या नावाने येतो. अतिसारावरील कर्पूर रस, अहिफेनासव यांसारख्या कल्पांत तिचा समावेश आहे. पटकी, हगवण आणि अतिसार यांवर दुसरे परिणामकारक औषध नसण्याच्या काळात युरोपीय वैद्यकही अफूवरच अवलंबून होते.

ब्रिटिश राजवटीत अफूचे उत्पादन व घाऊक विक्री सरकारी नियंत्रणाखाली होती. मुंबई बंदर हे माळव्याच्या अफूच्या निर्यातीचे मोठे केंद्र होते. १८७८ च्या अफू कायद्यानुसार किरकोळ विक्री परवानाधारक दुकानांतून होत असे आणि तिचे उत्पन्न अबकारी खात्याला मिळे. ठरावीक मर्यादेपर्यंत अफू विकत घेण्यास वैद्याच्या किंवा डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नव्हती. १८९३ मध्ये नेमलेल्या शाही अफू आयोगासमोर बालकांना अफू देण्याच्या प्रथेचाही विषय आला होता. १८९५ मध्ये सादर झालेल्या अहवालात आयोगाने भारतातील अफूसेवनावर सरसकट बंदी घालण्याची आवश्यकता मानली नाही.

गिरणगावातील वापर

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ मध्ये ताडदेव येथे झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात गिरण्यांचा विस्तार परळ, लालबाग, चिंचपोकळी, लोअर परळ, वरळी व दादरपर्यंत झाला. कोकण, सातारा, पुणे आणि देशावरील अन्य भागांतून आलेले कामगार गिरण्यांच्या आसपासच्या चाळींत राहू लागले. १९२० च्या दशकात मुंबईतील गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास होते. त्या प्रामुख्याने वाइंडिंग व रीलिंग या खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या व त्याच्या लडी करण्याच्या कामावर असत.

१९२० च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस सुरू झाला. १९२२ च्या सुधारित कारखाना कायद्याने प्रौढ कामगारांसाठी दिवसाला ११ व आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली. कामाचे तास, मधली सुटी आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला तर अंगावर पिणाऱ्या मुलाला सोडून आईला दिवसाचा मोठा भाग बाहेर काढावा लागे. गावाकडे असे मूल आजी, काकू किंवा शेजारीण यांच्याजवळ राहू शके. मुंबईच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात असे मनुष्यबळ अनेकदा नसे. मुलाला सांभाळण्यासाठी घरात थोडे मोठे भावंड किंवा शेजारची म्हातारी एवढाच आधार असे.

अशा परिस्थितीत बाळागोळीची उपयुक्तता तिच्या औषधी गुणापेक्षा गुंगी आणण्याच्या गुणात होती. कामावर निघण्यापूर्वी गोळी दिली की मूल बराच काळ रडत नसे, दूध मागत नसे आणि त्याला वारंवार शौचासही होत नसे. सांभाळणाऱ्याचे काम त्यामुळे हलके होई. पुष्कळ घरांत ही सवय मूल काही आठवड्यांचे असताना सुरू होई आणि ते चालू-बोलू लागेपर्यंत टिके.

डॉ. बार्न्स यांची पाहणी

मुंबई सरकारने औद्योगिक कामगार स्त्रियांच्या बाळंतपणापूर्वीच्या व नंतरच्या स्थितीची पाहणी करण्याचे काम डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरकडे सोपवले होते. त्यांचा अहवाल सप्टेंबर १९२२ च्या 'लेबर गॅझेट'मध्ये प्रसिद्ध झाला. चाळींतील कोंदट व काळोख्या खोल्या, तेथील अस्वच्छता, बाळंतपणात मिळणारी अपुरी मदत आणि प्रसूतीनंतर लवकर कामावर परतण्याची सक्ती यांचे वर्णन त्यात होते. याच अहवालात ९८ टक्के हा आकडा देण्यात आला.

हा आकडा संपूर्ण मुंबई शहराचा नव्हता. तो उद्योगांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या अर्भकांविषयी होता, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्यातून प्रथेचे आणि मजुरीचे नाते मात्र स्पष्ट झाले. अफू देणे हे काही अज्ञानी कुटुंबांचे तुरळक वर्तन नसून गिरणीच्या कामाच्या रचनेशी बांधलेली सार्वत्रिक रीत आहे, असे त्यातून दिसून आले. सी. एफ. अँड्र्यूज यांनी भारतातील अफूच्या प्रश्नावर १९२६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या निष्कर्षाचा उल्लेख केला. त्यामुळे तो भारताबाहेरही चर्चिला गेला. पुढे कलकत्त्यातील औषधशास्त्रज्ञ रामनाथ चोप्रा यांनीही भारतातील अफूसेवनाविषयीच्या आपल्या अभ्यासात बालकांना अफू देण्याच्या प्रथेची नोंद घेतली.

बालमृत्यूशी संबंध

१९२१ मध्ये मुंबईचा नोंदवलेला अर्भक मृत्युदर दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक होता. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तो याहूनही जास्त होता. हा आकडा वाचताना दोन मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. एक म्हणजे जन्मांची नोंद अपुरी होत असे. दुसरी म्हणजे अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. मुलाचा जन्म कोकणात किंवा देशावर नोंदला जाई आणि मृत्यू मुंबईत. या दोन्ही कारणांनी नोंदलेला दर प्रत्यक्षापेक्षा फुगलेला असे. ही सवलत दिली तरीही परिस्थिती भीषण होती, याविषयी त्या काळातील निरीक्षकांत दुमत नव्हते.

या मृत्यूंपैकी किती अफूमुळे झाले, हे सांगता येत नाही. कुपोषण, हगवण, देवी, श्वसनाचे विकार, दूषित दूध आणि दाट वस्ती ही सर्व कारणे एकत्र काम करत होती. अफूने श्वास मंदावून झोपेतच दगावलेले मूल अशक्तपणा, आकडी किंवा छातीचा विकार अशा कारणाखाली नोंदले जाण्याची शक्यता मोठी होती. शिवाय अफू अनेकदा मृत्यूचे थेट कारण नसून मूल इतर आजारांत टिकू न शकण्याचे एक कारण ठरत असे.

औषधशास्त्रीय क्रिया

मॉर्फिन व कोडीन ही द्रव्ये शरीरातील ओपिऑइड ग्राहींवर क्रिया करतात. हे ग्राही मेंदू व मज्जारज्जूत असतात, तसेच आतड्याच्या भिंतीतील मज्जाजालातही असतात. आतड्यातील ग्राही उत्तेजित झाले की अन्न पुढे ढकलणारी हालचाल मंदावते आणि पाणी शोषले जाण्यास अधिक वेळ मिळतो. परिणामी शौचाची वारंवारता घटते. मेंदूतील ग्राहींवरील क्रियेमुळे वेदना कमी होतात, गुंगी येते आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर श्वास वाढवणारी यंत्रणा मंद होते.

तान्ह्या मुलात हे परिणाम अधिक तीव्र असतात. मॉर्फिनचे रूपांतर करून ते शरीराबाहेर टाकण्याची यकृत व मूत्रपिंडाची क्षमता जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अपुरी असते. त्यामुळे औषध अधिक काळ शरीरात राहते. पुढील मात्रा दिली जाते तेव्हा मागील मात्रेचा अंश शिल्लक असतो आणि तो साचत जातो. श्वसनाचे नियंत्रणही या वयात पुरेसे स्थिरावलेले नसते. प्रौढाला किरकोळ वाटणारी मात्रा अर्भकाला घातक ठरते, ती या कारणांनी.

धोके

श्वसन मंदावणे: हा सर्वांत गंभीर धोका होय. मूल गाढ झोपले आहे असे वाटत असतानाच त्याच्या श्वासांची संख्या घटत जाते. झोप लागावी हाच गोळी देण्याचा हेतू असल्यामुळे धोक्याचे पहिले लक्षण गुण आल्याचे लक्षण समजले जाते.

कुपोषण: गुंगीतील मूल वेळेवर दूध पीत नाही. मूल अंगावर कमी प्यायले की आईचे दूधही आटत जाते. भूक लागल्याची खूण म्हणजे रडणे, आणि तीच गोळीने दबते. त्यामुळे मुलाची उपासमार बाहेरून दिसून येत नाही.

निर्जलीकरण झाकले जाणे: जुलाब होणाऱ्या मुलाला अफू दिल्यास शौच थांबते, परंतु आतड्यात पाणी व क्षार पाझरणे थांबेलच असे नाही. द्रव आतड्यातच साचून राहतो. शरीर कोरडे पडत असतानाही आजार आटोक्यात आल्याचा भास होतो. जंतुसंसर्गजन्य हगवणीत जंतू व त्यांची विषद्रव्ये आतड्यात अधिक काळ राहतात आणि पोट फुगून आतड्यांची हालचाल पूर्ण थांबू शकते.

अवलंबित्व: रोज अफू मिळणाऱ्या मुलाचे शरीर तिला सरावते. एखाद्या दिवशी गोळी चुकली की सतत रडणे, अस्वस्थता, कंप, उलट्या, जुलाब आणि पोटात कळा अशी लक्षणे उद्भवतात. ज्या तक्रारींसाठी गोळी सुरू केली जाते, जवळजवळ त्याच तक्रारी ती बंद केल्यावर दिसतात. पुन्हा गोळी दिली की त्या शमतात, त्यामुळे गोळीच गुणकारी असल्याची खात्री पटते. ही प्रथा पिढ्यान्‌पिढ्या टिकण्यामागे हे दुष्टचक्र हे एक महत्त्वाचे कारण होते.

विषबाधेची लक्षणे व उपचार

अफूजन्य विषबाधेत अतिशय गुंगी किंवा बेशुद्धी, मंद वा अनियमित श्वास आणि टाचणीच्या टोकाएवढ्या आकुंचित बाहुल्या ही तीन लक्षणे प्रमुख मानली जातात. ओठ व नखे निळसर पडणे, अंग थंड व शिथिल होणे ही त्यापुढील लक्षणे होत. अशा मुलाला तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते. त्याला उलटी करवू नये आणि गुंगीत असताना तोंडाने काहीही देऊ नये. उरलेले औषध किंवा त्याचे वेष्टन डॉक्टरांना दाखवल्यास निदान लवकर होते. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक उपलब्ध आहे.

रुग्णालयात श्वासाला आधार देणे हा पहिला उपचार असतो. नॅलॉक्सोन हे औषध ओपिऑइड ग्राहींवरील अफूची क्रिया काही मिनिटांत उलटवते. त्याचा प्रभाव अफूच्या प्रभावापेक्षा लवकर ओसरतो. म्हणून शुद्धीवर आलेल्या मुलालाही काही काळ देखरेखीखाली ठेवावे लागते. नॅलॉक्सोन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वापरात आले. गिरणगावात बाळागोळीचा वापर सर्वाधिक होता तेव्हा असा उतारा उपलब्ध नव्हता.

अन्य देशांतील समांतर उदाहरणे

औद्योगिकीकरणाच्या काळात कामगार वस्त्यांतील मुलांना अफू देण्याची प्रथा मुंबईपुरती नव्हती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांच्या गावांत 'गॉडफ्रेज कॉर्डियल' हे अफूयुक्त सरबत याच कारणासाठी खपत असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात लँकेशायरला कापूस मिळेनासा झाला आणि गिरण्या बंद पडल्या. त्या काळात बेकार झालेल्या मातांना मुलांना अंगावर पाजण्यास वेळ मिळाला आणि अफूयुक्त सरबताची गरज घटली, असे निरीक्षण डॉ. एडवर्ड स्मिथ यांनी नोंदवले. कार्ल मार्क्स यांनी 'भांडवल' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात त्याचा दाखला दिला आहे. याच कापूसटंचाईने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांना प्रचंड नफा मिळवून दिला.

अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' हे मॉर्फिनयुक्त औषध दात येणाऱ्या व जुलाब होणाऱ्या मुलांसाठी विकले जाई. १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याने अशा औषधांवर अफू किंवा मॉर्फिनचा उल्लेख छापणे बंधनकारक झाले, आणि त्यानंतर त्यांचा खप उतरणीस लागला.

सुधारणा व कायदे

बाळागोळीचा प्रश्न केवळ अफूच्या दुकानांवर निर्बंध घालून सुटणारा नव्हता. आई कामावर असताना मूल कोठे राहणार, हा त्याचा गाभा होता. त्यामुळे तीन वेगवेगळ्या दिशांनी झालेले बदल त्याच्याशी संबंधित ठरतात.

प्रसूती रजा: ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयक मांडले, परंतु ते संमत झाले नाही. पुढे रा. सं. आसवले यांनी मुंबई विधिमंडळात असेच विधेयक आणले. १९२८ मध्ये त्यावरील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. त्यातून झालेला १९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा हा भारतातील या प्रकारचा पहिला कायदा होय. त्याने गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या आधी व नंतर काही आठवड्यांची भरपगारी नव्हे, परंतु भत्त्यासह रजा मिळवून दिली. रजा संपल्यावर मूल कोठे ठेवायचे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

पाळणाघरे: जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात, २५० किंवा त्याहून अधिक स्त्रिया काम करत असलेल्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे करण्याची शिफारस केली. १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना असे नियम करण्याचा अधिकार दिला. १९४८ च्या कारखाना कायद्यातील कलम ४८ नुसार सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक झाले. मूळ कायद्यात ही अट पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होती, १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणण्यात आली. १९६१ च्या केंद्रीय प्रसूतिलाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी कामाच्या वेळेत दोन सुट्यांची तरतूद केली.

अफूवरील नियंत्रण: १९३० मध्ये धोकादायक औषधी द्रव्यांविषयीचा केंद्रीय कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या कक्षेत अफूही आली. त्याच वर्षी झालेल्या अखिल भारतीय अफू परिषदेत, औषधी उपयोग वगळता अफूचे सेवन दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. त्याची मुदत ३१ मार्च १९५९ रोजी संपली. सध्या अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ कायदा, १९८५ लागू आहे. आयुर्वेदीय औषधांतील अहिफेनाचा समावेश औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील ई(१) या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आहे. अशा औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीची सूचना छापावी लागते.

ऱ्हास

परळ परिसरात १९२६ मध्ये राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय (केईएम) व नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, तर १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. त्यामुळे गिरणगावातील कुटुंबांना बाळंतपण व बालआजारांसाठी जवळच उपचार मिळू लागले. अफूची किरकोळ विक्री आक्रसत गेल्यावर गोळी मिळवणेही अवघड झाले.

या ऱ्हासाला आणखी एक बाजू आहे. नवी यंत्रे, पुनर्रचना आणि स्त्री कामगारांसाठी करावा लागणारा खर्च या कारणांनी मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत सातत्याने घटले. १९८२ चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा ते अत्यल्प उरले होते. बाळागोळी नाहीशी होण्याचे श्रेय म्हणूनच केवळ कायद्याला किंवा आरोग्यशिक्षणाला देता येत नाही. ज्या मातांना तिची गरज भासत होती, त्यांपैकी अनेकींचे गिरणीतील कामच नाहीसे झाले होते.

आधुनिक काळातील संबंधित औषधे

आतड्यांवर काम करणारी अफूसदृश औषधे आजही वापरात आहेत. डायफेनॉक्सिलेट व लोपेरामाइड ही दोन्ही बेल्जियममधील पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली. डायफेनॉक्सिलेटचा गैरवापर होऊ नये म्हणून प्रत्येक गोळीत २.५ मिलिग्रॅम औषधाबरोबर ०.०२५ मिलिग्रॅम ॲट्रोपिन मिसळले जाते. अधिक गोळ्या घेतल्यास तोंडाला कोरड, हृदयाची धडधड व अंधुक दिसणे असे त्रास होतात. तरीही भारतात नशेसाठी या गोळ्यांचा गैरवापर आढळतो. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीत डायफेनॉक्सिलेटचा समावेश आहे. त्यानुसार चिठ्ठीशिवाय त्याची विक्री करता येत नाही आणि औषध विक्रेत्याला विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते.

लोपेरामाइड नेहमीच्या मात्रेत मेंदूपर्यंत फारसे पोहोचत नाही. पेशींमधील एक वाहक प्रथिन ते मेंदूतून परत बाहेर टाकते. म्हणून ते तुलनेने सुरक्षित मानले जाते. अतिप्रमाणात घेतल्यास मात्र हा अडसर अपुरा पडतो आणि हृदयाच्या ठोक्यांत जीवघेणी अनियमितता निर्माण होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये त्याविषयी इशारा दिला. अर्भकांच्या बाबतीतला धोका त्याआधीच समोर आला होता. पाकिस्तानात लोपेरामाइडचे थेंब दिलेल्या तान्ह्या मुलांची आतडी निकामी होऊन मृत्यू झाल्याचे प्रकार उघडकीस आले, आणि १९९० मध्ये उत्पादक कंपनीने मुलांसाठीचे थेंब बाजारातून मागे घेतले. भारतात डायफेनॉक्सिलेट, लोपेरामाइड, ॲट्रोपिन किंवा बेलाडोना असलेल्या, मुलांसाठीच्या जुलाबप्रतिबंधक औषधांवर बंदी आहे.

मुलांच्या अतिसारावर जागतिक आरोग्य संघटना जलसंजीवनी, जस्ताची गोळी, स्तनपान चालू ठेवणे आणि आवश्यक तेव्हा शिरेतून द्रव देणे हे उपचार सुचवते. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी जलसंजीवनीचा मोठ्या प्रमाणावर वापर करून पटकीने होणारे मृत्यू कमी करून दाखवले. या उपचारात शौच लगेच थांबत नाही, शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून निघतात. बाळागोळीची क्रिया याच्या नेमकी उलट होती. तिने शौच थांबे, पण मुलाच्या शरीराचे नुकसान भरून निघत नसे.

हेही पाहा

अफू
गिरणगाव
बाळगुटी
जलसंजीवनी
लोपेरामाइड
कारखाना कायदा, १९४८
प्रसूतिलाभ कायदा, १९६१